पाण्यानं धुतलेले हात

आमच्या घरात मी एकटीच डॉक्टर. पण कशाची डॉक्टर, हे इतक्या वर्षांत मला कुणाला धड सांगता आलेलं नाही, आणि त्यात दोष ऐकणाऱ्यांचा नाही. मी पीएचडी केली ती बुरशीच्या बीजाणूंवर. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, पिठाच्या कणाहून कितीतरी बारीक. त्या बियाच्या अंगावर प्रथिनांचा एक थर असतो आणि त्या थरामुळं ते किड्याच्या कातडीला चिकटतं. कसं चिकटतं, कशामुळं चिकटतं, थर काढून टाकला तर चिकटतं का, एवढ्या तीन प्रश्नांपायी मी पाच वर्षं घालवली आणि डोळ्यांची पार वाट लावून घेतली. गावात हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि शर्ट वर करून पाठीवरचा नायटा दाखवतात. आईनं त्यातून स्वतःपुरता मार्ग काढलाय. ती शेजारणींना सांगते, लोणच्यावर येती ना बुरशी, त्येची डॉक्टर हाय आमची लेक. यावर शेजारणी माझ्याकडं ज्या दयेनं बघतात ती मी आता मनाला लावून घेत नाही.

खरं तर विषय अवघड नाही, मीच तो अवघड करून सांगते. कीटकांना मारणाऱ्या काही बुरश्या असतात. त्यांचं बी अळीच्या अंगावर पडलं की त्याला आधी तिथं टिकून राहावं लागतं. अळीची कातडी थोडी मेणचट असते. बियावरचा तो प्रथिनांचा थर पाण्याला नको म्हणतो आणि मेणाला हो म्हणतो, त्यामुळं बी कातडीवर बसतं. मग दुसऱ्या जातीची प्रथिनं त्याला घट्ट धरून ठेवतात, कुसळ लुगड्याच्या काठात अडकावं तसं. बी रुजतं, त्याला कोंब फुटतो, तो कातडीला भोक पाडून आत शिरतो आणि अळीचा कारभार आटोपतो. पाण्यानं धुऊन हे बी जात नाही. साबण लागतो. हे मी सिद्ध केलंय, तक्ते आणि आलेखांसकट. माझा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आहे. तो माझ्याशिवाय कुणी उघडला असेल असं मला वाटत नाही, आणि गेल्या दिवाळीत मी जे केलं त्यावरून मीही तो नीट वाचलेला नसावा.

बीडच्या एका कॉलेजात मी शिकवते, सासरही बीडचंच. माहेर चौसाळ्याहून आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही जरा पुढं. घरी आई, दादा आणि वहिनी. दादा माझ्याहून मोठा, वहिनी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. ती दहावीपर्यंत शिकली आणि मग आमच्याकडं येऊन खुरपायला लागली. तीन वर्षांपूर्वी तिनं बचत गटातल्या बायकांबरोबर कुठंतरी रेशमाचे किडे पाळलेले बघितले आणि घरी येऊन म्हणाली की मला हे करायचंय. आमच्या घरात सुनेनं ‘मला करायचंय’ असं म्हणण्याची पद्धत नव्हती. ते वाक्य पचायला दादाला सहा महिने लागले आणि आईला अजून पचलेलं नाही. शेवटी एका एकरात तुती लागली, शेड उभं राहिलं. पहिल्या दोन बॅचा बऱ्या गेल्या. तिसरी उन्हाळ्यात उष्णतेनं गेली, निम्मे किडे कोष न करताच मेले. तेव्हा दादानं सांगून टाकलं की दिवाळीची बॅच बघू. न्हाई जमली तर शेडात सोयाबीनची पोती ठेवू आणि तुती मोडून कापूस लावू. चौसाळ्याचा त्याचा एक दोस्त पोत्यांसाठी जागा शोधतच होता.

म्हणजे दिवाळीची ती बॅच वहिनीची शेवटची संधी होती. हे मला माहीत होतं. हे मला माहीत होतं हे मुद्दाम दोनदा लिहितेय, कारण पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी झालं असं कुणाला वाटू नये.

वहिनीच्या शेडाचे नियम असे कडक की आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला लाज वाटावी. दारात ब्लीचिंगच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. बाजूला साबण आणि बादली. तंबाखू खाऊन आलेला माणूस बाहेर. डोक्याला वासाचं तेल लावलेली बाई बाहेर. कुठल्याही पिकावर कसलीही फवारणी करून आलेला माणूस आधी अंघोळ करणार, कपडे बदलणार, मग आत. यात दादाही आला. एकदा सरपंच दोन माणसं घेऊन फोटो काढायला आले, तर वहिनीनं हात जोडून त्यांनाही खिडकीच्या जाळीतूनच फोटो काढायला लावला. गावात त्यावर महिनाभर चर्चा झाली. वहिनी कुणाला बधली नाही.

बधली ती मला.

भाऊबीजेची सकाळ. तूर फुलोऱ्यात आली होती आणि अळी दिसायला लागली होती. मीच दादाला फोनवर सांगून ठेवलं होतं की रासायनिक औषध आणू नकोस, बुरशीची भुकटी मिळते ती आण, माझ्या विषयातली आहे. दादानं आणली. मी आले तेव्हा तो तुरीच्या बांधावर बादलीत पाणी घेऊन बसला होता. त्यानं भुकटी ओतली तर ती पाण्यावर पांढऱ्या सायीसारखी तरंगत राहिली. काडीनं ढवळलं तरी पुन्हा वर. दादा म्हणाला, “तुझं औषध बुडंना की गं.”

अहाहा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या विषयातला प्रश्न विचारला होता. मी बाह्या वर केल्या आणि तिथंच बांधावर तास सुरू केला. दादा, हाच तो थर. ही प्रथिनं पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. बघ, मी हात घालते. मी कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, त्यावरची भुकटी दाखवली. मुठीत घेऊन फुंकून दाखवली. ती भुकटी बरीचशी शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची असते आणि शंखजिरंही पाण्यावर तरंगतं, ही बारीक गोष्ट मी सोयीनं गिळून टाकली, कारण उगीच एवढा चांगला प्रयोग कशाला बिघडवायचा. शेवटी दादानं त्यात साबणाचं पाणी ओतलं आणि सगळी भुकटी निमूटपणे मिसळली. मी म्हणाले, बघ, साबण लागतो. दादा म्हणाला, कळलं.

दादाला कळलं. मला कळलं नाही. मी उठले, मोटारीच्या पाइपाखाली हात धरले, खळखळून धुतले, ओढणीला पुसले आणि घराकडं निघाले. साबण बांधावरच राहिला. पाण्यानं हे बी जात नाही असं सिद्ध करणारी बीड जिल्ह्यातली एकुलती एक बाई नुसत्या पाण्यानं हात धुऊन निघाली होती, आणि ओढणीवर तर निम्मी तूर वाचवण्याइतकी भुकटी होती.

घरी आई म्हणाली, वहिनीचे किडे बघून तर ये, चौथी कात टाकून उठलेत, लई छान झालेत. आम्ही दोघी शेडाकडं गेलो. वहिनी दारातच होती. तिनं माझ्याकडं बघितलं, ओढणीकडं बघितलं, साबणाची बादली थोडी पुढं सरकवली आणि म्हणाली, ताई, तेवढं... पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण आई मध्येच बोलली.

“लेक हाय ती या घरची. वर्सातून एकदा येती, तिला दारात काहून अडवतीस?”

माहेरवाशिणीला दारात अडवायचं नाही. सरपंचाला अडवणाऱ्या बाईलाही हे मोडता येत नाही, सासूसमोर तर नाहीच. तरी वहिनी दारातून हलली नव्हती. तेवढ्यात मी माझं पांडित्य पाजळलं. मी म्हणाले, वहिनी, मी डॉक्टर आहे या विषयाची, मला कळतं. घमेल्यात पाय तेवढे बुडवले, म्हणजे शिस्त पाळली असं मला वाटावं. वहिनी बाजूला झाली.

आणि मग काय, आत गेल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच! तीन-तीन मजल्यांचे रॅक, त्यावर तुतीचा पाला आणि पाल्यावर हजारो पांढऱ्या गुबगुबीत अळ्या खाण्यात गुंग. मी दारापासच्या रॅकच्या मधल्या मजल्यावरून एक अळी तळहातावर घेतली आणि तिच्या कातडीवर आईला आणि वहिनीला व्याख्यान दिलं. कातडी कशी मेणचट असते, बी कसं चिकटतं, सगळं. एक ठेवली, दुसरी उचलली. पुढं सरकत गेले. ओढणी पाल्यावरून फिरत गेली. वहिनी माझ्यामागं हात बांधून उभी होती, शाळेत उभं केल्यासारखी. तुरीवरची अळी आणि रेशमाची अळी यांतला फरक बुरशीला कळत नाही हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आहे.

भाऊबीज झाली, ओवाळलं, मी बीडला परत आले. पाचव्या दिवशी वहिनीचा फोन. अळ्या पाला खाईनात. सुस्त पडल्यात, अंगावर तेलाचे डाग दिसतायत. मी शिक्षकी आवाजात म्हणाले की हवेत दमटपणा वाढला असेल, पाला कोरडा घाला. रविवारी गेले. तोवर मेलेल्या अळ्या कडक झाल्या होत्या आणि पांढऱ्या, फळ्यावर लिहायच्या खडूच्या तुकड्यांसारख्या. मी नुसतं दारात उभं राहून रॅककडं बघितलं आणि मला सगळं दिसलं. दारापासच्या रॅकचा मधला मजला पूर्ण गेला होता. त्याच्या पुढचा निम्मा. त्याच्या पुढं थोड्या. मागच्या भिंतीकडचे रॅक धडधाकट होते, कारण तिथं पोचायच्या आतच आईनं मला जेवायला चल म्हटलं होतं. माझ्या व्याख्यानाचा नकाशाच होता तो.

तेवढं बरं की हाताला काम सुचलं. नव्यानं मेलेल्या अळ्या पांढऱ्या पडायच्या आत वेचून जाळायला लावल्या, पाल्यावर चुना मारायला लावला, मागचे रॅक ताडपत्रीनं वेगळे केले. या वेळी अंघोळ करून, कपडे बदलून आत गेले. कुणी विचारलं नाही की आज का. सगळे आपापल्या दुःखात होते. आणि आई ओट्यावर बसून जे बोलत होती ते मला आत ऐकू येत होतं. ती म्हणत होती की हिचाच हात लागला, दुसरं काय. चार दिवस बाजूला बसायचं सोडून शेडात गेली, मग किडे मरणार न्हाईत तर काय होईल. म्हणजे वहिनी पाळीच्या दिवसांत शेडात गेली होती, आणि आईच्या हिशोबी रोग तिथून आला होता. दादाही तिला नाही म्हणाला नाही. वहिनी खाली मान घालून चुना चाळत होती.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तिथंच, चाळणीच्या शेजारी. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? औषधाच्या रिकाम्या डबीत चार मेलेल्या अळ्या घेतल्या आणि म्हणाले की तपासून सांगते.

तपासायचं काय होतं? सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि तीच बुरशी, तीच माझी ओळखीची, पाच वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती. तरीही मी ती चार दिवस तपासत राहिले. मनात एकेक आरोपी उभा केला. वाऱ्यानं आली असेल. शेजारच्या कापसावरून आली असेल. पाल्याबरोबर आली असेल, कारण तुती तुरीला लागूनच आहे. वाऱ्याला तर मी जवळजवळ शिक्षाच देऊन टाकली होती. विद्यार्थी असा निष्कर्ष काढून आला असता तर मी त्याची वही फेकून दिली असती. बुधवारी वहिनीचा फोन आला, ताई, काय निघालं. मी म्हणाले, अजून रिपोर्ट यायचाय. रिपोर्ट देणारी मीच, सही करणारी मीच, आणि यायचाय म्हणे! फोन ठेवला आणि स्वतःचीच अशी शिसारी आली की जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

का बोलले नाही? भीती नव्हती. मला घरात कोण काय म्हणणार होतं? मी माहेरवाशीण, त्यातून शिकलेली. लाज होती, नुसती लाज. आमच्या खानदानात एकमेव डॉक्टर, आणि तिनं आपल्याच विषयात असा मार खावा. ती लाज वाचवण्यासाठी मी वहिनीच्या डोक्यावर विटाळाचं गाठोडं राहू दिलं. वर्गात मी मुलींना सांगते की पाळी ही शरीराची साधी क्रिया आहे, टेबलावर हात आपटून सांगते.

शुक्रवारी दादाचा फोन आला. मागचे रॅक वाचले होते, तिथल्या किड्यांनी कोष केले होते, पण बॅच गेल्यातच जमा होती. त्यानं चौसाळ्याच्या दोस्ताला सांगितलं होतं. सोमवारी तो शेड बघायला येणार होता. वहिनी काही बोलली का, मी विचारलं. दादा म्हणाला, ती काय बोलणार, तीच म्हणाली की माझ्या हाताला यश न्हाई, द्या पोत्यांना.

शनिवारी मी रजा टाकली आणि पहिली गाडी पकडली. चौसाळ्याला उतरून रिक्षात बसेपर्यंत मी तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही मोडली. घरी तिघंही ओट्यावर होते. चहा ठेवते म्हणून वहिनी उठायला लागली, तिला बस म्हटलं. आणि सरळ सांगितलं. रोग मी आणला. भाऊबीजेला तुरीची भुकटी माझ्या हातांवर होती, ओढणीवर होती, मी साबण लावला नाही आणि शेडात गेले. जिथं जिथं मी हात लावला तिथं तिथं अळ्या मेल्या. पाळीचा आणि रोगाचा काही संबंध नाही, आई, काडीचाही नाही. मला हे गेल्या रविवारीच कळलं होतं आणि मी आठवडाभर गप्प बसले.

आईला हे पटणं शक्यच नव्हतं. लेकीच्या पायानं घरात लक्ष्मी येते, रोगराई नाही, असं ती दोनदा म्हणाली. भावजयीला वाचवायला बोलतेयस, असंही म्हणाली. मी तिला बुरशी, प्रथिनं, मेण सांगायला लागले तेव्हा दादानं मला हातानं थांबवलं.

“नुसत्या पाण्यानं धुतलेस ना हात?” त्यानं विचारलं.

“हो.”

“म्या बादलीत बघितलं होतं की. तुला न्हाई दिसलं?”

माझ्या पाच वर्षांच्या संशोधनावर इतकी नेमकी टीका परीक्षकांनीही केली नव्हती. दादा उठला, अंगणात गेला आणि फोन लावला. दोस्ताला म्हणाला की सोमवारी येऊ नको, शेड रिकामं न्हाई. मग तिथूनच आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की पुढची बॅच लावायची हाय, शेड धुवायला लागंल. आई पदर झटकून आत गेली. ती माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही, पण आत जाताना वहिनीला काही बोलली नाही, हेही मी बघितलं.

वहिनी शेडात गेली. मी दाराशी गेले, पाय बुडवले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, ओढणी बाहेर खिळ्याला टांगली. तिनं मान हलवली तेव्हा आत गेले. मागच्या रॅकवर कोष पिकले होते आणि ती एकेक सोडवून टोपलीत टाकत होती. किती थोडे होते ते. मी तिच्या शिव्या खायच्या तयारीनंच आले होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या, म्हणजे माझं मन मोकळं झालं असतं. ती कोष सोडवत राहिली. मीही शेजारी बसून कोष सोडवायला लागले, माझ्या हातून दोन चिरडले, ते तिनं काढून घेतले.

बऱ्याच वेळानं तिनं हात थांबवला. माझ्याकडं न बघता विचारलं, “ताई, खरं सांगा. म्हंजे माझ्यामुळं न्हाई ना झालं?”

“नाही वहिनी. माझ्यामुळं झालं.”

“त्या चार दिवसांमुळंबी न्हाई?”

“नाही.”

“रोज रातच्याला तेच यायचं डोक्यात,” ती म्हणाली. “काहून गेले असंल म्या आत.”

आणि तिनं पदर तोंडाला लावला. किडे मेले तेव्हा ती रडली नव्हती, दादा शेड देऊन टाकतो म्हणाला तेव्हाही नव्हती, असं आई नंतर सांगत होती. मला माफी मागायची होती, पण आठवडाभर राखून ठेवलेले शब्द त्या वेळी तोंडातून बाहेर पडेनात. मग तिनं डोळे पुसले, उठली, साबणानं हात धुतले आणि उरलेले कोष सोडवायला बसली.